जी-शॉक की सोनेरी घड्याळ? चिपळूणच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

सोनेरी घड्याळाचा सेल सर्व्हिस सेंटरला बदलून घेतला आणि पहिल्याच मोठ्या पावसात सहाच्या आकड्याजवळ बाष्प दिसलं. काउंटरवरचं उत्तर ठरलेलं: पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. मागच्या झाकणावर कोरलेले ३० मीटर दाखवले तर म्हणाले, हात धुताना काढून ठेवत जा.

या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. ३० मीटर म्हणजे पोहायची खोली नव्हे, हे मान्य. ती स्थिर पाण्याच्या ३ बार दाबाची चाचणी. पण हात धुणं आणि चार शिंतोडे त्यात बसायलाच हवेत. झाकण उघडलं की आतलं रबरी वॉशर चपटं झालंय का, नीट बसलंय का, हे बघणं उघडणाऱ्याचं काम. माझ्या पावतीवर फक्त ‘सेल बदलला’. मॅनेजरपर्यंत गेलो तेव्हा वॉशर फुकट बदलून मिळालं. डायलवरचा डाग राहिला तो राहिलाच, आणि घड्याळ लग्नात सासरहून आलेलं.

तेव्हापासून बांधकामाच्या साइटवर कॅसिओचं जी-शॉक डीडब्ल्यू-५६००. स्लॅबच्या दिवशी मनगटापर्यंत सिमेंटचं पाणी असतं. संध्याकाळी घड्याळ तसंच नळाखाली धरायचं आणि जुन्या टूथब्रशने बटणांभोवतीचं सिमेंट काढायचं. २०० मीटरचं आहे, विचार करावा लागत नाही. काच भोवतीच्या रेझिनपेक्षा, म्हणजे प्लास्टिकच्या कडेपेक्षा, खोल बसवलेली, त्यामुळे सळईचे ओरखडे सगळे कडेवर. एकदा परांचीवरून थेट खालच्या काँक्रीटवर पडलं, सेकंदही चुकला नाही. १० मीटरवरून पडलं तरी चालावं, हा जी-शॉक घडवणाऱ्या किकुओ इबे यांचा हट्ट होता; म्हणून १९८३च्या पहिल्या मॉडेलपासून आतलं यंत्र मोजक्या ठिकाणी टेकवून अधांतरी ठेवलेलं असतं. टायमर तर माझ्या कामाचाच निघाला: आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामी व्हायला हवी, चलनावरची वेळ बघून उरलेली मिनिटं लावून टाकतो.

सुरुवातीला सोनेरी विकायचंच ठरवलं होतं. आता मत बदललंय. मेहुण्याच्या साखरपुड्याला फुल शर्टावर जी-शॉक घातलं, तर तेरा मिलिमीटरहून जास्त जाडीमुळे कफचं बटण लागेना. सोनेरी अलगद आत सरकतं, अंगावर शोभतं, आणि घरातल्यांना बरं वाटतं. मात्र चामड्याचा पट्टा कोकणातल्या घामात टिकत नाही, वास मारतो. पावसाळाभर ते कपाटातच.

एकच घ्यायचं असेल तर जी-शॉक घ्या. ऐपत असेल तर सोलरवालं जीडब्ल्यू-एम५६१०, कारण झाकण उघडायची वेळ वर्षानुवर्षे येत नाही. त्यातलं रेडिओवरून वेळ जुळवणं मात्र हिशेबात धरू नका. ते संदेश जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतून निघतात, आपल्याकडे पोचत नाहीत.

आणि सेल कुठेही बदला, पावतीवर ‘वॉशर तपासलं, दाबाची चाचणी केली’ हे लिहून घ्या. लिहून देत नसतील तर घड्याळ उचलून परत या. नुसता सेल तर बाजारपेठेतला घड्याळजीही घालतो, निम्म्या पैशात आणि आपल्या डोळ्यांसमोर.