उंच ड्रायव्हर आणि छोटी रेस कार: मालवण रोडवरच्या फायबर वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हे रेसिंगचं दुकान नाहीये. फायबरच्या होड्या बनवणारं आणि दुरुस्त करणारं वर्कशॉप आहे, कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला जाताना चौके यायच्या थोडं अलीकडे. मी तिथे माझ्या गाडीची सीट बनवून घेतली, बेल्ट परत नीट लावून घेतले, आणि त्यांनी ज्या पद्धतीने काम केलं ते बघून हे लिहायलाच पाहिजे असं वाटलं. नाव टाकत नाहीये कारण मेस्त्रींनीच नको म्हणून सांगितलंय, होड्यांचंच काम त्यांना पुरून उरतं. चौक्यात कोणालाही विचारा, सांगतील.

माझी उंची ६ फूट ३ इंच. गाडी जुनी सिंगल सीटर, पाठीमागे मारुती ८०० चं इंजिन. या गाड्या छोट्या चणीच्या पोरांसाठीच बनवल्यात की काय असं वाटतं, म्हणजे मी आत बसलो की हेल्मेट रोल हूपच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी, डोक्यामागची पाइपची कमान) बरोबरीला, गुडघे स्टिअरिंगला आणि खांदे कॉकपिटच्या कडेवर. उंच माणसाला वाटतं की प्रॉब्लेम पायांचा आहे, पण पायांचं काहीतरी जमवता येतं, खरा प्रॉब्लेम धडाचा. दोन माणसं दोघंही सहा फुटी असतील पण एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असेल तर त्या दोघांना एकच सीट चालणार नाही. माझं धड लांब आहे.

याआधी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला गाडी दिली होती. त्यांनी मूळ सीटचं कुशन काढलं, थोडी जागा झाली, मग मला टोचतंय म्हणून खाली मऊ स्पंज टाकला आणि रोल हूपला एसीच्या पाइपवर लावतात ते काळं फोम गुंडाळून दिलं. बसायला मस्त वाटायचं. पण जोरात आपटल्यावर मऊ स्पंज एका झटक्यात दबतो, माणूस तेवढा खाली जातो आणि आवळून बांधलेला बेल्ट ऐन वेळी ढिला पडतो. आणि ते काळं फोम बोटाने दाबलं तरी आतला पाइप लागतो, डोकं आपटलं तर त्याचा काय उपयोग. रोल केजसाठी, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपच्या सांगाड्यासाठी, एफआयएचं (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) ८८५७-२००१ स्टँडर्डचं पॅडिंग वेगळं मिळतं, हाताला ते कडकच लागतं, कारण ते हेल्मेटच्या फटक्यासाठी बनवलंय, बोटासाठी नाही.

तर मेस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी गाडीकडे बघितलं पण नाही. "गाडी मगे बघतंय, आधी तू हय जमनीर बस." भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवलं, सूट, बूट, हेल्मेट आणि हॅन्स (हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली, मान वाचवणारी कॉलर) सगळं घालून, आणि माप घेतलं ते जमिनीपासून हेल्मेटच्या टोकापर्यंत, खांद्यापर्यंत, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत. मग प्लायवूडवर त्याच मापाचा साइड व्ह्यू काढला आणि तो कापून गाडीत उभा करून बघितला. त्यांच्या पुतण्याने इंजिनिअरिंग कॉलेजात असताना फॉर्म्युला भारतसाठी, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी रेस कार बनवायच्या स्पर्धेसाठी, गाडी बनवली होती, त्यामुळे त्याला हे सगळं माहीत. त्या स्पर्धांच्या नियमात असाच एक साचा असतो, ९५ पर्सेंटाइल पुरुषाचा, म्हणजे शंभरातल्या ९५ जणांपेक्षा मोठ्या चणीच्या माणसाचा, कंबर आणि खांद्याला २०० मिलिमीटरची दोन वर्तुळं, त्यांच्यात ४९० मिलिमीटर अंतर, आणि डोक्याला हेल्मेटसकट ३०० मिलिमीटरचं वर्तुळ. गाडी बनवणाऱ्यांनी हा साचा आत बसवून दाखवायचा. आणि मेन हूपच्या (डोक्यामागचा) टोकापासून पुढच्या, स्टिअरिंगजवळच्या हूपच्या टोकापर्यंत सरळ रेषा ओढली तर हेल्मेट त्याच्या किमान ५० मिलिमीटर खाली पाहिजे, म्हणजे गाडी पालथी झाली तरी डोक्याआधी हूप जमिनीला लागतो. आम्ही साधी सुतळी बांधून बघितलं. माझं हेल्मेट सुतळीला चिकटलेलं. कितीतरी लोक असंच चालवत असतील, कोणी सुतळी बांधून बघतच नाही.

मी म्हटलं, मेस्त्री, हूपवर अजून एक पाइप वाकवून वेल्ड करून द्या ना, सोपं पडेल. ते सरळ नाही म्हणाले. "ह्या मी करूचंय नाय. पायप जोडून दिलंय तर दिसाक बरा दिसतला, पण गाडी पालथी झाली तर पयलो थयच तुटतलो. तू खाली जा, पायपाक वर चढवू नको." मला या रिव्ह्यूमध्ये हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे मिळत होते, तासाभराचं काम होतं, तरी माणसाने नाही म्हटलं. हूप आणि त्याचे मागचे सपोर्ट हे सगळं मिळून एक स्ट्रक्चर असतं, वरून चिकटवलेला तुकडा त्या हिशोबात कुठेच नसतो. हूप बदलायचाच असेल तर चासी बनवणाऱ्याकडून पूर्ण नवा करून घे आणि आधी स्क्रूटिनिअरला (रेसआधी गाडी तपासणारा) विचार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणजे मला खाली जायचं होतं. खाली जायचे दोन रस्ते, एक म्हणजे अजून आडवं व्हायचं आणि दुसरा म्हणजे ढुंगणाखालचं सगळं काढून थेट तळावर बसायचं. आडवं होण्याला मर्यादा आहे. पाठ उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलली की त्या कॉलेजच्या नियमांतसुद्धा ५ पॉइंट (पाच ठिकाणी बांधलेला) बेल्ट चालत नाही, ६ किंवा ७ पॉइंट लागतो, कारण आडवा माणूस पुढून धडकला की कंबरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा हाडावरून सुटून पोटावर येतो. शिवाय जास्त आडवं झालं की हनुवटी छातीला लागते आणि पुढचं कमी दिसतं. म्हणून थोडंच आडवं केलं आणि बाकीचं सगळं तळातून काढलं.

आता सीट. हे काम बघण्यासारखं होतं. होडीत तरंगण्यासाठी जे दोन पार्टचं पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरतात तेच वापरलं, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून वर मला बसवलं. फोम फुगतं तसं माणसाला वर उचलतं आणि इंच इंच करून मिळवलेली उंची तिथेच जाते, म्हणून त्यांनी ढुंगणाखाली फोम येऊच दिलं नाही, तिथे अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवला आणि दोघं जण माझे खांदे दाबून उभे. फोम थोडं थोडं ओतलं, पहिल्यांदा कंबर आणि मांड्या, ते घट्ट झाल्यावर पाठ आणि खांदे. फोम चांगलंच तापतं, सूटमधून चटका जाणवतो, त्यामुळे एकदम सगळं ओतणाऱ्याकडे जाऊ नका. पूर्ण वेळ हेल्मेट आणि हॅन्स घालून बसायचं, हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. हॅन्स का, तर त्याची कॉलर मानेच्या मागे असते, ती न घालता साचा घेतला तर नंतर कॉलर सीटला अडते आणि माणूस पुढे ढकलला जातो, मग बेल्टही नीट बसत नाहीत. मांडीखाली मुद्दाम चढ ठेवला, त्याने पुढे सरकणं अडतं आणि लांब पायांना आधारही मिळतो.

साचा वाळल्यावर हॅक्सॉ ब्लेडने कडा कापल्या, मग वरून फायबर मॅट आणि रेझिन. मी विचारलं की थर्माकोल का नाही, स्वस्त पडलं असतं, तर पुतण्याने थर्माकोलच्या तुकड्यावर पॉलिएस्टर रेझिनचे चार थेंब टाकून दाखवले, डोळ्यादेखत खड्डा पडला. पीयू फोमला काही होत नाही. शेवटी वरून आग न पकडणारं कापड, ते मी आणून दिलं होतं, उघडं पीयू फोम गाडीत ठेवायचं नाही कारण ते पेटतं आणि धूर विषारी असतो. सीट तयार झाल्यावर हेल्मेट सुतळीच्या खाली गेलं, ५० मिलिमीटरपेक्षा थोडं जास्तच. तेव्हा जे वाटलं ते शब्दात नाही सांगता येत, इतके दिवस मान वाकवून गाडी चालवत होतो आणि आता सरळ बसून पुढचं दोन्ही चाकांसकट दिसत होतं.

सीट खाली गेली की बेल्टचा सगळा हिशोब बदलतो, हे लोक विसरतात. उंच माणसाचे खांदे बेल्ट मागे ज्याला बांधतात त्या बारच्या खूप वर असतील तर बेल्ट खांद्यावरून मागे तीव्र उतारावर जातो आणि धडकेत मणक्यावर वरून खाली दाब येतो. एफआयएच्या नियमात हा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त चालतच नाही आणि १० अंशांच्या आत ठेवा अशी शिफारस आहे. आम्ही मोबाइलच्या लेव्हल अॅपने मोजलं, आधी बराच जास्त होता, सीट खाली गेल्यावर जवळजवळ सपाट झाला. हॅन्ससुद्धा वेगवेगळ्या अंशांत मिळतं, सरळ बसायच्या गाडीला २० आणि आडवं बसायच्या गाडीला सहसा ३०, माझं २० चं होतं ते बदलावं लागलं. हॅन्सवर पैसे वाचवू नका प्लीज. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी हे बनवलं, आणि २००१ मध्ये नॅसकारचा रेसर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने, तेव्हा कुठे रेसिंगवाल्यांनी ते मनावर घेतलं. एफ १ मध्ये २००३ पासून सक्तीचं आहे. उंच माणसाची मान लांब, डोक्यावर हेल्मेटचं वजन, आपल्याला तर लागतंच लागतं.

गुडघ्यांसाठी लहान व्यासाचं स्टिअरिंग आणि क्विक रिलीज लावलं, पेडल पुढे सरकवले, फार काही झालं नाही त्यात. बूट मात्र रेसिंगचेच पाहिजेत, साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये माझा पाय एकदम दोन पेडलवर जायचा.

आणि बाहेर पडणं! फॉर्म्युला भारतमध्ये ड्रायव्हरने ५ सेकंदात बाहेर यायचं असतं. पुतण्या स्टॉपवॉच घेऊन उभा, मी बेल्ट सोडून, स्टिअरिंग काढून बाहेर, गुडघे डॅशखाली अडकायचे. सीटच्या बाजूच्या कडा थोड्या उतरवल्या तेव्हा जमलं. या भानगडीत सीटला हात धरून जोर देता येईल अशी जागा दोन्ही बाजूंना त्यांनी आपणहून काढून दिली.

आता तक्रारी. एक तर त्यांना सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट लावायची सवय आहे, होडीला खाऱ्या हवेत ते बरोबरच आहे, पण बेल्टच्या अँकरला (बेल्ट गाडीला जिथे बांधतात ती जागा) बाजारातलं साधं स्टेनलेस मला नको होतं. तिथे ८.८ ग्रेडचे एम १२ किंवा ७/१६ यूएनएफ (बारीक आट्यांचे इंची) बोल्ट लागतात आणि मागे किमान ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट. मी अडून बसलो, मग त्यांनी बदलले, पण मी बघितलं नसतं तर राहिलं असतं. त्यामुळे तिथे गेलात तर अँकरच्या वेळी स्वतः उभे राहा. इथल्या हवेत ते बोल्ट गंजतात हेही खरं, म्हणून मी दर सीझनला काढून बघणार आणि शंका आली की नवे टाकणार. दुसरं म्हणजे दिलेली तारीख पाळत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सगळ्या होड्या दुरुस्तीला येतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तर तुमच्या गाडीकडे कोणी बघणार पण नाही, आणि पावसात रेझिन पण नीट वाळत नाही. नोव्हेंबर ते मार्च जा. तिसरं, हेडरेस्टचं काम त्यांना जमलं नाही, मेमरी फोम लावून दिला तो मालवणच्या उन्हात लोण्यासारखा मऊ होतो. हेल्मेट आणि हेडरेस्टमध्ये २५ मिलिमीटरपेक्षा जास्त गॅप नको, ते अंतर त्यांनी बरोबर धरलं पण मटेरिअल चुकलं. ते मी दुसरीकडून करून घेणार आहे.

आधी जवळच्या एका सड्यावर (कातळाच्या माळावर), खासगी जागेत, जोरात ब्रेक मारून बघितलं, पुढे सरकलो नाही, पट्टा कंबरेच्या हाडावरच राहिला. मग कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर नेली, २.१ किलोमीटरचा ट्रॅक, छोटा आणि वळणावळणाचा, अंग सतत इकडून तिकडे फेकलं जातं. पहिल्यांदाच मी स्टिअरिंगला लोंबकळत नव्हतो, सीटने धरून ठेवलं आणि हात फक्त गाडी वळवायला. मान दुखली नाही. स्क्रूटिनिअरने हूपची रेषा बघितली, बेल्टवरची तारीख बघितली आणि पुढे पाठवलं.

उंची आहे म्हणून हे आपल्यासाठी नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. १९६७ मध्ये उंच अमेरिकन रेसर डॅन गर्नीने ल मान्सची २४ तासांची रेस जिंकली त्या फोर्डच्या छपराला त्याच्या डोक्यासाठी फुगवटा काढला होता. एफ १ मध्ये २०१९ मध्ये ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो वजनाचा वेगळा नियम आला, त्याने वजन कमी ठेवायला चाललेली उंच ड्रायव्हरची उपासमार कमी झाली. गाडी बदलता येते.

सीट आणि बेल्टच्या फिटिंगचे मिळून १८ हजार झाले, बेल्ट, हॅन्स आणि कापड माझं. जाताना सूट, बूट, हेल्मेट, हॅन्स सगळं सोबत न्या, त्याशिवाय ते माप घेतच नाहीत, आणि बेल्टवरची तारीख संपली असेल तर नवाच घेऊन जा, जुन्या बेल्टवर ते कामाला हात लावत नाहीत.