आधी सिंगापूर की आधी साखरशाळा?

शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयात बालविभाग सांभाळणाऱ्या मैत्रिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. "ताई, पंधरा दिवसांची रजा मंजूर झालीय आणि भिशीचे सव्वा लाख हातात आलेत. सिंगापूरच्या लायब्ऱ्या बघून येऊ, की तुमच्यासारखी शाळा-शाळा फिरू? दोन्ही काही जमायचं नाही." मीही वाचनालयाचा बालविभागच सांभाळते, आणि मी दोन्ही केलंय. आधी सिंगापूर, मग गोष्टी सांगत शाळा. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. असा पेच पडलेली ती एकटी नसावी.

आधी पैशांचं बोलू. सिंगापूरचे सहा दिवस मला विमान, व्हिसा, राहणं धरून एक लाख आठ हजारांना पडले. तिथे पोट स्वस्तात भरतं, पाठ टेकायला मात्र भरपूर मोजावे लागतात. जवळपासच्या नऊ शाळांना मिळून साडेसहा हजार लागले, त्यातले निम्मे स्कूटीच्या पेट्रोलचे. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत होतो, फार त्रास नाही. युरोपात जायचं तर शेंगेन व्हिसाची नुसती फीच 90 युरो. शाळेचा व्हिसा म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र आणि केंद्रप्रमुखांना फोन. पत्र फाइलला लागतं, दार फोनने उघडतं.

सिंगापूरला व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीच्या तळघरात सेंट्रल पब्लिक लायब्ररी आहे. नूतनीकरण होऊन ती जानेवारी 2024मध्ये पुन्हा उघडली. मुलांचा विभाग आता जैवविविधतेवर बेतलेला आहे. घरी पुस्तकं न्यायची तरच सभासद व्हावं लागतं, बसून वाचायला तुम्हाआम्हाला कुणी अडवत नाही. सगळे फोटो काढतात ते सजावटीचे आणि पडद्यांचे. मीही काढले, आणि परत आल्यावर एकदाही उघडून पाहिले नाहीत.

डोक्यात राहिला तो एक मुलगा. सहा-सात वर्षांचा असेल. त्याने अकरा पुस्तकं काढली (मी मोजली, सवय), जमिनीवर पसरली, प्रत्येकाची दोन-दोन पानं उलटली, दोन बगलेत मारली आणि नऊ तिथेच टाकून निघून गेला. आता कोणीतरी ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. थोड्या वेळाने एक कर्मचारी ढकलगाडी घेऊन आली, पुस्तकं त्यात ठेवली आणि पुढे गेली. आमच्या बालविभागात तेव्हा एक पाटी होती, 'एका वेळी एकच पुस्तक हाताळावे'. अक्षर माझंच. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ती काढली. एका पाटीला लाखभर रुपये म्हणजे महागच, पण पुस्तकं वाचून किंवा शिबिरांना बसून ती निघाली नसती. वाचनालय आपल्या बापाचं असल्यासारखं वावरणारं मूल मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

हेलसिंकीच्या ऊडी वाचनालयाबद्दल खूप विचारलं जातं. मी गेलेले नाही, पण नकाशे आणि चित्रफिती पाहून पाठ झालीय. 5 डिसेंबर 2018ला उघडलेली तीन मजली इमारत, मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रं आणि थ्रीडी प्रिंटर, वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि मुलांचा विभाग. तुमची कार्यकारिणी खरोखर नवं दालन बांधणार असेल आणि फर्निचरचा शेवटचा शब्द तुमचा असेल, तर कर्ज काढूनही जा. 'क' किंवा 'ड' वर्गाच्या अनुदानावर चालणाऱ्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला मात्र त्याचा उपयोग हिमालय बघून येण्याइतकाच. डेन्मार्कमध्ये ऑऱ्हुसच्या डोक-वन वाचनालयात एक भलीमोठी घंटा टांगलीय. इस्पितळात मूल जन्मलं की आईबाप तिथून बटण दाबतात आणि वाचनालयात घंटा वाजते. फार गोड कल्पना. आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलशी जोडली तर वाचन बंद करून दिवसभर घंटाच ऐकावी लागेल.

आता शाळा. इथे मी पहिली चूक केली ती नऊ शाळा एकेकदा बघण्याची. पहिल्या भेटीत तुम्ही पाहुण्या असता. नारळ, गुलाबाचं फूल, स्वागतगीत, मुख्याध्यापकांचे दोन शब्द, रांगेत मांड्या घातलेली मुलं. तेवढ्यात खिचडी शिजते आणि तुमची वेळ संपते. दुसऱ्या खेपेला फूल नसतं, तिसऱ्या खेपेला पोरं "आल्या त्या गोष्टवाल्या बाई" म्हणतात, आणि भेट तिथून सुरू होते. म्हणून नऊ शाळा एकदा बघण्यापेक्षा तीन शाळा तीनदा बघा. गावच्या बाजाराचा दिवस टाळा, पट निम्मा होतो.

लोखंडी कपाट सगळीकडे असतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या इयत्तांप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, त्यामुळे पुस्तकं अजिबातच नाहीत असं फारसं दिसत नाही. दिसते ती किल्ली, आणि ती साहेबांच्या टेबलाच्या खणात असते. एका दोनशिक्षकी शाळेत मी कपाट उघडायला लावलं तर पुस्तकांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. मला राग आला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, एक हरवलं की तपासणीला उत्तर मी द्यायचं. तुमच्याकडे हरवलं तर काय करता?" आमच्याकडे पालकाच्या अनामत रकमेतून कापतात. मी गप्प बसले.

त्याच शाळेत मी चित्रांचं पुस्तक हातात धरून वाचत होते. तिसऱ्या ओळीतून आवाज आला, "मागं दिसंना." बावीस वर्षं मी बालविभागात गोष्टी सांगतेय, पण तिथे समोर दहा-बारा मुलं असतात. इथे चार इयत्तांची अडतीस होती. पुस्तक मुलांसमोरून धीम्या गतीने फिरवायचं आणि वाक्य तिथवर लांबवायचं, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि साखरशाळा. आमच्या भागात गाळप सुरू झालं की ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि त्यांची पोरं तळावरच्या शाळेत येतात, कधी येत नाहीत. मी गोष्ट सांगितली, बरी झाली असं वाटलं. संपल्यावर एका मुलीने शेजारच्या लहानग्यांना तीच गोष्ट गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगायला घेतली. माझ्यापेक्षा लांब, आणि बहुधा जास्त रंगतदार, कारण आता कुठे पोरं हसत होती. आमच्या बालविभागात गोरमाटीतलं एकही पुस्तक नाही. भिली नाही, वारली नाही.

तेव्हा मला सिंगापूरचं एक कपाट आठवलं. तिथे सरकारी भाषा चार, इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ, आणि मुलांची पुस्तकंही चारही भाषांत मांडलेली असतात. तमिळ कपाटापुढे मी उभी राहिले होते, 'वा' म्हणून पुढे गेले होते. ही पुस्तकं कोण निवडतं, दुसऱ्या देशातून आणली की इथेच लिहून घेतली, तमिळ बोलणारं पण वाचता न येणारं मूल आलं तर काय करता, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांची मॉली नावाची फिरती लायब्ररी बस 2008पासून शाळांपर्यंत जाते. मला ती रस्त्यावरून जाताना दिसली आणि मी हात हलवला, एवढंच. विचारण्यासारखे प्रश्न तेव्हा माझ्याकडे नव्हतेच. ते या कोप्यांमध्ये मिळाले, सहा महिने उशिरा.

म्हणून मैत्रिणीला सांगितलं, शाळा आधी. रजा उरली तर चार दिवस पणजीला जा. बुकवर्म ही संस्था 2005पासून तिथे मुलांचं ग्रंथालय चालवते आणि शाळांतही काम करते. सिंगापूरच्या दहाव्या भागाच्या खर्चात, आपल्याशी जुळणाऱ्या अडचणी सोडवणारी माणसं भेटतात. भिलारचं पुस्तकांचं गाव येता-जाता बघायला छान, पण तिथे वाचणारं मूल दिसेलच असं नाही. आणि परदेशी जायला दर वेळी स्वतःचीच भिशी मोडावी लागते असंही नाही. येला लेपमान यांनी 1949मध्ये म्युनिकला सुरू केलेलं आंतरराष्ट्रीय बाल-युवा ग्रंथालय बालसाहित्याच्या अभ्यासकांना शिष्यवृत्ती देतं. अर्जात अभ्यासाचा विषय मागतात. तो शाळांमध्ये सापडतो.

तिने रजा डिसेंबरात ढकललीय. जूनमध्ये शाळा प्रवेश आणि पुस्तकवाटपात बुडालेल्या असतात, आणि कोप्या तर दिवाळीनंतरच उभ्या राहतात.