हॉर्न स्पीकर की छोटा डबा: घरात काय आणावं?

हॉर्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मंडपावरचा भोंगा येतो, आणि निम्मी माणसं तिथेच नको म्हणतात. पण घरातल्या हॉर्नची खरी गोडी हळू आवाजात कळते. एका स्नेह्यांकडे क्लिप्श कंपनीचे ला स्काला हे मोठे हॉर्न स्पीकर आहेत. रात्रीची वेळ होती म्हणून त्यांनी आवाज इतका कमी ठेवला होता की पंख्याची घरघर ऐकू येत होती. विलंबित एकताल चालला होता. तेवढ्या आवाजातही ‘तिरकिट’मधलं प्रत्येक अक्षर सुटं होतं, आणि डग्ग्यावर मनगट सरकताना वर चढणारा घुमारा अंगावर येत होता. माझ्या घरी एवढ्याच आवाजात तबला नुसता मागे कुठेतरी वाजत असतो.

माझ्या घरी आहेत एलएस३/५ए. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी तयार केलेला, जेमतेम फूटभर उंचीचा बंद डबा. म्हणजे ही तुलना दोन टोकांची आहे, पण निर्णय घ्यायला टोकंच उपयोगी पडतात.

फरक मुळात हवेला ढकलण्याचा आहे. साध्या डब्यातला कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, हवेच्या मानाने जड. तो पुढेमागे होतो, पण हवा त्याच्या हाती फारशी लागत नाही, आणि अँप्लिफायरने दिलेली बहुतेक शक्ती पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, कॉइलमध्ये, उष्णता होऊन जाते. बांधावरून लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती तळवे धरतो ना, हॉर्न तेच काम करतो. मग त्यामागच्या पडद्याला, डायफ्रॅमला, जरासंच हलावं लागतं. कमी हलला की आवाज कमी बिघडतो, आणि थाप पडताच आवाज उमटतो.

आकड्यांत सांगायचं तर एक वॅट दिला की एक मीटरवर एलएस३/५ए साधारण ८३ डेसिबल देतो, ला स्काला कंपनीच्या आकड्यांनुसार १०५. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, त्यामुळे ला स्काला एका वॅटमध्ये करतो ते करायला छोट्या डब्याला दीडशेच्या वर वॅट हवेत, आणि तेवढे तो सोसणार नाही. म्हणूनच ३००बी व्हॉल्व्हचा आठेक वॅटचा अँप्लिफायर हॉर्नवर मोकळेपणाने गातो आणि माझ्या डब्यांवर दमतो. पण याची दुसरी बाजूही आहे: अँप्लिफायरची बारीकशी सरसर हॉर्न तितक्याच इमानाने ऐकवतो. स्वस्त, गोंगाटी अँप्लिफायर त्याला जोडू नका.

आता जागा. ४० हर्ट्झची, म्हणजे खोल खर्जाची, लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला पेलणारा सरळ हॉर्न घरात मावत नाही. पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात तोडगा काढला तो असा, की हॉर्न घडी घालून पेटीत बसवायचा आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतींनाच त्याचं पुढचं तोंड करायचं. क्लिप्शहॉर्न तो हाच. कल्पना देखणी आहे, पण त्यासाठी एकाच भिंतीच्या दोन्ही टोकांना मोकळे कोपरे लागतात, आणि आपल्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात हमखास दार किंवा बाल्कनी असते. ला स्कालाला कोपरा लागत नाही, मात्र तो ५० हर्ट्झच्या आसपास खाली उतरायचा थांबतो. डग्ग्याला तेवढं पुरतं, चर्चमधल्या ऑर्गनला नाही. शिवाय खर्जाचा वूफर, मधला हॉर्न आणि वरच्या सुरांचा ट्वीटर यांचे आवाज एकजीव व्हायला तीनेक मीटर अंतर हवं.

दहा बाय बाराच्या खोलीत मी हॉर्न घेऊ नका असंच सांगेन. तिथे छोटा डबा स्टँडवर, भिंतीपासून थोडा पुढे ठेवा आणि जवळ बसा. मानवी आवाज त्याच्याइतका खरा फार थोड्या स्पीकरांतून येतो. गायिका दोन डब्यांच्या मधोमध बसलेली दिसते, तिचा श्वास कळतो. खर्ज मात्र अंदाजानेच ऐकावा लागतो.

मधला मार्ग हवा असेल तर क्लिप्शचाच हेरेसी पाहा. १९५७चा. वर दोन हॉर्न, खाली साध्या पेटीत १२ इंची वूफर. खर्जाला हॉर्न नाही हे पाखंडच, असं कुणीतरी म्हटलं आणि तेच नाव पडलं. आजचा हेरेसी ९९ डेसिबलचा, मध्यम दिवाणखान्यात बसणारा. ला स्कालाचा मोकळेपणा त्यात पुरता येत नाही, पण तबल्यातला जीव येतो. पंधरा बाय वीसचा हॉल असेल आणि घरच्यांना मोठ्या पेट्या चालत असतील, तर मात्र ला स्कालाच घ्या.

घेण्याआधी ऐकायला जाल तेव्हा ओळखीचं रेकॉर्डिंग न्या, ज्यात तानपुरा आधी एकटा वाजतो. दुकानदार आवाज चढवेल. तो कमी करायला सांगा. तीन मीटरवर बसून गळ्याकडे लक्ष द्या. नरसाळ्यातून किंवा तोंडापुढे तळवे धरून गायल्यासारखं वाटलं, तर ती जोडी कितीही नावाजलेली असली तरी तिथेच सोडून या.