डीजेआय मिनी ४ प्रो: युरोपात राहून वापरल्यानंतर

जर्मनीत राहतो, सुट्ट्यांना शेजारच्या देशांत भटकतो आणि बॅगेत हा ड्रोन असतो. चित्राचा दर्जा, अडथळे टाळणारे सेन्सर, उभं चित्रीकरण यांबद्दल यूट्यूबवर ढीगभर सापडेल. त्याबाबत माझी तक्रार नाही. बोलायचंय ते त्याच्या २४९ ग्रॅम वजनाबद्दल, कारण बहुतेक जण त्या आकड्यासाठीच हा ड्रोन घेतात.

"अडीचशेच्या आत आहे, काही लागत नाही" हे दुकानदारही सांगतो आणि मावसभाऊही. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार हे अर्धंच खरं आहे. वजन कमी म्हणून ऑनलाइन परीक्षा टळते, पण कॅमेरा आहे म्हणून नोंदणी करावीच लागते. ही नोंदणी ड्रोनची नसून चालवणाऱ्याची असते. मी इथे २० युरो भरले, नंबर मिळाला, तो छापून ड्रोनला चिकटवला. तोच नंबर संघातल्या सगळ्या देशांत चालतो आणि २०२३ पासून स्वित्झर्लंडमध्येही. भारतातून फिरायला येणाऱ्याने संघातल्या ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे नोंदणी करायची. दुसऱ्या देशात परत करायची नाही. हे काम निघण्याआधी बरंच आधी उरकून घ्या, हॉटेलात बसून फॉर्म भरण्यात सुट्टी जाते.

विम्याचं कोणी बोलत नाही. जर्मनीत तो प्रत्येक ड्रोनला सक्तीचा आहे, मग वजन कितीही असो. इटलीतही लागतो. घरच्या दायित्व विम्यात (आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) ड्रोन धरलाय का, आणि तो परदेशात चालतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या. माझ्या जुन्या पॉलिसीत नव्हता.

प्रत्यक्ष वापरात सगळ्यात जाणवतं ते उंचीचं बंधन. कायदा म्हणतो जमिनीपासून १२० मीटर. पण या ड्रोनला युरोपात सी-० वर्गाचा, म्हणजे सगळ्यात हलक्या ड्रोनच्या गटाचा शिक्का आहे, त्यामुळे तो उड्डाणाच्या जागेपासून १२० मीटरच्या वर जातच नाही. आल्प्समध्ये दरीतून उडवला आणि उताराला धरून वर न्यायला गेलात, की जमीन अगदी जवळ असूनही मध्येच अडतो. उपाय एकच, केबल कारने वर जायचं आणि तिथून उडवायचा. अर्थात तिथे परवानगी असेल तर. स्वित्झर्लंडमध्ये शिकारबंदीची संरक्षित क्षेत्रं ड्रोनला बंद आहेत आणि ती नेमकी देखण्या डोंगरांत असतात.

अ‍ॅप अडवेल या भरवशावर राहू नका. बऱ्याच ठिकाणी ते फक्त इशारा देतं, मोटर चालूच राहतात. त्या त्या देशाचा सरकारी नकाशा उघडायचा. जर्मनीत डिपुल नावाचा आहे, निसर्ग राखीव क्षेत्रं, रेल्वे, महामार्ग सगळं दिसतं. कॅमेऱ्याचा ड्रोन कुणाच्या राहत्या घरावरून संमतीशिवाय न्यायचा नाही. गर्दीवरून तर नाहीच, ख्रिसमसच्या बाजारावरून घेतलेले ते सुंदर व्हिडिओ बघून भुलू नका.

जास्त वेळ उडावा म्हणून मोठी प्लस बॅटरी लावायचा मोह होतो. ती लावली की वजन अडीचशेच्या वर, आणि ज्यासाठी हा ड्रोन घेतला ती सवलत गेली. साध्या बॅटऱ्याच जास्त ठेवा. एक १८.९६ वॅट-तासांची, म्हणजे विमानात १०० च्या मर्यादेत आरामात बसते; फक्त चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही.

संघाबाहेर काही देशांत २४९ या आकड्याला फारशी किंमत नाही. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनला नोंदणी आणि रिमोट आयडी (उडताना ड्रोनने आपली ओळख प्रसारित करणं) लागतो. चुकवलं तर ५ लाख येनपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. ब्रिटननेही १ जानेवारी २०२६ पासून सीमा १०० ग्रॅमवर आणली आहे, आणि तिथे परीक्षाही द्यावी लागते. मोरोक्कोत कस्टम्समध्येच ड्रोन काढून घेतात, म्हणून तिकडे जाताना तो घरीच ठेवला.

पुण्याहून दर फोनला "येताना ड्रोन घेऊन ये" असतं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, संशोधन आणि संरक्षण यांसारखे अपवाद सोडले तर. सामानात आणलेला ड्रोन विमानतळावरच अडकू शकतो. तेव्हा भाच्याच्या मुंजीचं वरून चित्रीकरण हवं असेल, तर तिथल्याच फोटोग्राफरला सांगा.