फ्रिज-कूलर घ्यायचा कुठून: शहरातलं मोठं शोरूम की गावातलं दुकान?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या खान्देशात घरोघरी दोन कामं निघतात. लेकी माहेरी येणार म्हणून घर आवरायचं आणि उन्हाळ्याची सोय बघायची. माझी आतेबहीण पारोळ्याला असते. तिला यंदा फ्रिज आणि कूलर दोन्ही घ्यायचेत. "धुळ्याला किंवा जळगावला मोठ्या शोरूममध्ये जाऊ, की इथल्याच पेठेतून घेऊ?" असं तिनं विचारलं. फोनवर घाईत जे सुटलं ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. मी अमळनेरची. दोन्हीकडे पैसे मोजले आहेत आणि दोन्हीकडे मनस्तापही झाला आहे.

फ्रिज बंद पडला तेव्हा

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या साखळी शोरूममधून फ्रिज घेतला. थंडगार हॉल, ओळीनं मांडलेली वीस-पंचवीस मॉडेलं, बसायला खुर्ची, प्यायला पाणी. विकणारा मुलगा फार गोड बोलत होता. अकराव्या दिवशी फ्रिज गार करेना. वैशाखाचे दिवस, बाहेर ४४ अंश, आणि आत माझ्या वडिलांचं इन्सुलिन. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून निभावलं.

शोरूमला फोन केला तर उत्तर मिळालं, "आमचं काम विक्रीपर्यंत. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवा." नोंदवली. चार दिवस कोणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की तुमची तक्रार सोडवली आहे! घरात कोणी पाऊल टाकलेलं नसताना. पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक, पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगणं. शेवटी बिल घेऊन बसने शोरूमला गेले. तो गोड बोलणारा मुलगा तिथे नव्हता. मॅनेजर म्हणाले, "ताई, सिस्टीममध्ये बदलून द्यायचा पर्यायच येत नाही." एकोणिसाव्या दिवशी मेकॅनिक आला, गॅस गळत होता तो भरून गेला.

मला राग त्या मॅनेजरचा आला नाही. त्यांच्या हातात खरोखरच काही नव्हतं. अशा शोरूममध्ये विकायला उभी असलेली बरीच मुलं एकेका कंपनीनं पाठवलेली असतात. आपल्याच कंपनीचं मॉडेल खपवणं हे त्यांचं काम. परत घ्यायचं की नाही, बदलून द्यायचं की नाही, हे मुख्य कार्यालय ठरवतं. दुरुस्ती तिसऱ्याच संस्थेकडे. म्हणजे वस्तू विकणारा, पैसे घेणारा आणि दुरुस्त करणारा असे तीन वेगळे, आणि आपण त्यांच्यामध्ये चकरा मारायच्या.

गावातला दुकानदार

आमच्या पेठेतल्या दुकानातून कूलर घेतला होता. आमच्याकडचं पाणी क्षारयुक्त, पंप लवकर जाम होतो. चैत्रातल्या एका संध्याकाळी पंप बंद पडला. दुकानात गेले, तर मालक काउंटरमागून उठून आले, "काय व्हयनं ताई?" अर्ध्या तासात त्यांचा पोरगा नवा पंप घेऊन घरी हजर. जुना पंप उघडून, जाळी साफ करून कशी ठेवायची तेही दाखवून गेला.

लक्षात घ्या, ब्रँडेड फ्रिजचा मेकॅनिक गावातल्या दुकानातून घेतला तरी तोच असतो, जळगाव किंवा धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरचा. फरक एवढाच की गावचा डीलर त्याला नावानं ओळखतो, त्याचा नंबर ठेवून असतो आणि वेळ पडली तर कंपनीच्या एरिया मॅनेजरला सांगतो. त्याला उद्या परत आपल्याच गल्लीतून जायचं असतं. बाजारात, लग्नात, दवाखान्यात आपण त्याला भेटणार असतो.

पण हेच सगळं ओळखीवर चालतं, आणि तिथेच दुखतं. ज्याची ओळख त्याच्याकडे पोरगा अर्ध्या तासात जातो. शेतमजूर बाई किंवा नव्यानं गावात आलेलं कुटुंब गेलं तर "उद्या या." भावही माणूस बघून सांगतात. शोरूममध्ये किमतीची चिठ्ठी लावलेली असते, ती सगळ्यांना सारखी. त्या चिठ्ठीमुळे एखाद्या बाईला एकटीनं जाऊन, कोणाची मनधरणी न करता वस्तू घेता येते. ही गोष्ट मी लहान मानत नाही.

दुसरं, बिल. माझ्या जाऊबाईंनी एका दुकानातून मिक्सर घेतला. "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला?" असं म्हणून दुकानदारानं साध्या कागदावर आकडा लिहून दिला. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही, तारीख नाही. आमच्याकडचं वाटण म्हणजे सुकं खोबरं, भाजलेला कांदा, लाल मिरची, मिक्सरची परीक्षाच. चार महिन्यांत मोटर जळली. कंपनी म्हणाली बिल दाखवा, दुकानदार म्हणाला कंपनीकडे जा. वाचवलेले पैसे नव्या मोटरमध्ये गेले.

म्हणून मी बहिणीला सांगितलं: शोरूममध्ये कागद भक्कम मिळतो, माणूस मिळत नाही. गावात माणूस मिळतो, कागद मागून घ्यावा लागतो. ज्या वस्तूला पुढे माणूस लागणार, ती गावातून, पण पक्क्या बिलासह. दुकानदार बिल द्यायला तयारच नसेल तर त्याची ओळख कितीही जुनी असो, शोरूम बरं.

किंमत

शोरूमच्या जाहिरातीतला आकडा आणि घरी पोचेपर्यंतचा आकडा यांत फरक पडतो. गाडीभाडं, स्टँड, स्टॅबिलायझर, बसवणावळ, सगळं धरून एका कागदावर लिहून मागा आणि तोच कागद गावातल्या दुकानदारापुढे ठेवा. बऱ्याचदा तो जवळपास येतो. बिनव्याजी हप्त्यांत प्रोसेसिंग फी किती, आणि रोख दिले असते तर किती सूट मिळाली असती, हे दोन्हीकडे विचारायचं. हप्त्यांची सोय आता तालुक्याच्या दुकानांतही असते.

वाढीव वॉरंटीसाठी शोरूममध्ये फार गळ घालतात. ती बहुधा कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते आणि कित्येकदा ती देणारी संस्था वेगळीच असते. आधी अटी वाचायला मागा. फ्रिजवर "१० वर्षं वॉरंटी" लिहिलेलं असतं ते सहसा कॉम्प्रेसरपुरतं. पूर्ण फ्रिजची वॉरंटी बहुतेक एकच वर्ष. पुढे गॅस आणि मजुरीचे पैसे आपलेच.

काउंटरवर मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही म्हणाले तर ऐकू नका. नंबरसाठी ग्राहकाला अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे. फ्रिजसाठी मात्र नंबर द्यावाच, घरपोच आणायला आणि वॉरंटीला तो लागतो.

कूलरचं वेगळं

कूलरबाबत माझं मत पक्कं आहे. आपल्या उन्हाळ्याला गावात बनवलेला पत्र्याचा कूलर चांगला. मोटर जळली तर वायंडिंग गावातच होतं, गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलून मिळतात, पंप कुठेही मिळतो. शोरूममधला प्लास्टिकचा दिसायला नीटनेटका आणि गंजत नाही, पण त्याचा एखादा सुटा भाग ऐन मे महिन्यात मागवावा लागला तर ते दिवस कसे काढायचे?

पत्र्याच्या कूलरला एक धोका आहे, तो दुकानदार सांगत नाही म्हणून मी सांगते. लोखंडी अंग, खाली पाणी आणि अर्थिंग नाही, यातून शॉक लागून माणसं दगावतात. तीन पिनांचाच प्लग लावा, घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना बटणच नाही तर पिनही काढा. घरात लहान मुलं असतील तर यात अजिबात ढिलाई नको.

बिघडलंच तर

इथे दोघांनाही कायदा सारखाच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. हे मला त्या एकोणीस दिवसांत माहीत नव्हतं. माहीत असतं तर "सिस्टीममध्ये पर्याय नाही" हे उत्तर ऐकून मी बसस्टँडवर आले नसते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार केल्यावर ती कंपनीपर्यंत जाते आणि पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. शोरूमचं मुख्य कार्यालय मुंबई-बंगळुरूला असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षं. बिल, तक्रार क्रमांक आणि ते "तक्रार सोडवली" सारखे संदेश जपून ठेवा, पुसू नका.

बहिणीचं काय ठरलं

फ्रिज ती शोरूममध्ये बघून येणार, मॉडेलचा नंबर लिहून आणणार आणि पारोळ्यात त्या कंपनीचा अधिकृत डीलर आहे त्याच्याकडे भाव विचारणार. पैसे देण्याआधी त्याला एकच विचारायला सांगितलंय: बंद पडला तर मी फोन कोणाला करू, आणि तो माणूस किती दिवसांत येतो? नाव आणि दिवस बिलाच्या मागे लिहून दिले तरच घ्यायचा. टाळाटाळ केली तर धुळ्याची बस आहेच.

कूलर मात्र आखाजीपर्यंत थांबायचं नाही, फाल्गुन संपता संपताच सांगून ठेवायचा. वैशाखात गावातल्या कारागिराकडेही रांग लागते, आणि तेव्हा ओळख असली तरी चार दिवस उकाड्यात काढावे लागतात.