खिशातला शॉर्टवेव्ह रेडिओ, आठ महिने वापरून: रात्री कोणता बँड कधी लावावा

डीएसपी चिपचा (सिग्नल डिजिटल पद्धतीने हाताळणारा), एसएसबी (सिग्नलची एकच बाजू ऐकण्याची सोय) असलेला छोटा रेडिओ, मोबाईलच्या बीएल-५सी बॅटरीवर चालणारा. ऑक्टोबर ते मे रोज रात्री वापरल्यावर एक गोष्ट पक्की झाली: स्टेशन लागत नाही तेव्हा रेडिओ बहुतेक वेळा ठणठणीत असतो, बँड चुकलेला असतो.

शॉर्टवेव्ह लांब पोचते ती वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरांवरून परतून. त्यांतला खालच्या फ्रिक्वेन्सी दिवसभर गिळणारा डी थर सूर्य मावळला की विरतो. म्हणून ४९ मीटर (५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ) दुपारी सुना आणि सातनंतर खचाखच. सिग्नल परत फिरवणारा वरचा एफ थर मात्र रात्र चढते तसा विरळ होतो. मग १९ मीटरचे (मीटर कमी तितकी फ्रिक्वेन्सी जास्त; हे १५००० किलोहर्ट्झच्या वरचे) सिग्नल परत फिरतच नाहीत, थर भेदून अवकाशात जातात. ३१ मीटर (९४०० ते ९९००) सर्वांत भरवशाचा, पण हिवाळ्यात पहाटे चारच्या सुमारास तोही पडतो. तेव्हा ४९ किंवा ६० मीटरवर (५००० च्या आसपास) उतरावं.

अंदाज घ्यायला अचूक वेळेचे ठोके देणाऱ्या चीनच्या बीपीएम केंद्राची टिकटिक ऐकावी, ५००० आणि १०००० किलोहर्ट्झवर. १०००० बुडालं आणि ५००० खणखणीत असेल, तर पूर्वेकडचं ३१ मीटरवर शोधत बसू नये.

जवळचं स्टेशन जाऊन लांबचं राहतं, हेही रात्रीचंच. ६६७६ वर यूएसबीत (एसएसबीची वरची बाजू; खालची ती एलएसबी) मुंबई व्होल्मेट, म्हणजे विमानांसाठीचं हवामानवृत्त, तासाच्या २५व्या आणि ५५व्या मिनिटाला येतं. पुण्याकडे उत्तररात्री ते बुडू लागतं आणि त्याच फ्रिक्वेन्सीवरचं सिंगापूर स्पष्ट राहतं. थर विरळ झाला की उभा गेलेला सिग्नल परतत नाही, तिरका गेलेला परततो.

अँटेनात मात्र जास्त म्हणजे चांगलं नव्हे. वीस मीटर तार जोडली की रात्री ४९ मीटरवरची जोरदार स्टेशनं रेडिओचं इनपुट दडपून टाकतात आणि भलत्याच जागी त्यांची भुतं ऐकू येतात. खिडकीबाहेर पाच-सहा मीटर तार पुरे. तरी भुतं आली तर रेडिओचा स्विच लोकलवर, म्हणजे कमी संवेदनशीलतेवर.

आवाज अचानक गुळण्या केल्यासारखा फाटला तर तो सिलेक्टिव्ह फेडिंगचा परिणाम: दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींना मारतात आणि कॅरियर (आवाज वाहून आणणारी मूळ लहर) पडतो. एसएसबी लावल्यावर येणारी शिट्टी बारीक ट्यून करून शून्यावर आणावी, मग एलएसबी-यूएसबीतली स्वच्छ बाजू निवडावी. बँडविड्थ ३ किलोहर्ट्झ, कारण शेजारचं स्टेशन ५ किलोहर्ट्झच्या अंतरावरच असतं.

आणि चार्जर काढूनच ऐकावं. चार्जरची आणि स्वस्त एलईडी दिव्यांची घरघर ६० मीटर पार बुजवते.