नॅट किंग कोल की नीना सिमोन? पियानोवर गाणाऱ्यांत आधी कुणाला ऐकावं

पियानोवर बसून स्वतःच गाणाऱ्या जॅझ कलावंतांकडे वळायचं ठरवलं की दोन नावं हमखास पुढे येतात: नॅट किंग कोल आणि नीना सिमोन. दोघंही अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय घरांत जन्मलेले. दोघांच्याही घरी चर्चचं वातावरण, दोघांचाही पहिला जीव पियानोवर, आणि गाणं दोघांच्याही वाट्याला मागाहून आलेलं. साम्य इथवरच. कोलची सुरुवात भलत्याच तबकडीने केली तर तो नुसता गोड गळ्याचा माणूस वाटतो. नीनाची तशी केली तर ती नुसती संतापलेली बाई वाटते. हे दोन्ही समज पियानोकडे कान दिला की गळून पडतात. म्हणून आवाज थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि दोघांचे हात काय करतात ते आधी पाहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

ड्रमशिवायचा कोल

नॅथॅनियल ॲडम्स कोल्सचा जन्म १९१९ साली अलाबामातल्या माँटगोमेरीचा. तो चार वर्षांचा असताना घर शिकागोला हललं. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, आणि पहिले धडे तिनेच दिले. शिकागोत तेव्हा पियानोवादक अर्ल हाइन्सचं राज्य होतं. उजव्या हाताने ट्रम्पेटसारखे सुटे, टणक सूर काढायची हाइन्सची रीत या पोराने पुरती उचलली. इथे आपला एक धागा जुळतो. हाइन्सच्या उमेदवारीच्या काळात शिकागोत ज्याचा दबदबा होता तो पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे आशियात आला आणि १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. ज्या मुशीतून कोल घडला तिची चव मुंबईला कोलचं नाव कळायच्या आधीच मिळालेली होती.

१९३७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये कोलने आपलं त्रिकूट बांधलं. गिटारवर ऑस्कर मूर, बासवर वेस्ली प्रिन्स आणि पियानोवर तो स्वतः. ड्रम नाहीच. मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या त्या जमान्यात ही धाडसाची गोष्ट होती. ड्रम नसला की ठेका सांभाळायचं काम तिघांना वाटून घ्यावं लागतं. बास चालता राहतो, गिटार मधूनमधून ठोका देते, आणि पियानोच्या डाव्या हाताला भरमसाट वाजवायची मुभाच उरत नाही. कोलचा डावा हात म्हणूनच मोजकं बोलतो. चार जागा सोडतो, पाचवीला एक सूरगुच्छ (कॉर्ड) टाकतो, आणि तेवढ्यावर लय डुलायला लागते. गाताना तर आणखी गंमत. ओळ संपते तिथे उजवा हात छोटीशी हरकत घेतो, पण पुढच्या शब्दाच्या आड कधी येत नाही. गळा आणि हात एकाच श्वासावर चालतात. ऑस्कर पीटरसनने हीच पियानो-गिटार-बासची मांडणी पुढे आपलीशी केली आणि रे चार्ल्स तर सुरुवातीच्या काळात कोलची हुबेहूब नक्कल करत असे.

कोल पियानोवादक म्हणून किती मोठा होता हे आज बऱ्याच जणांना माहीतच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुलै १९४४ मध्ये लॉस एंजेलिसला ‘जॅझ ॲट द फिलहार्मोनिक’ची पहिली मैफल झाली, तिथे पियानोवर कोल होता. सॅक्सोफोनवर लेस्टर यंग आणि ड्रमवर बडी रिच यांच्यासोबत १९४६ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण ऐकलं तर हा माणूस एरवी गातो हेच विसरायला होतं.

मग यश आलं. वडिलांनी प्रवचनात सांगितलेल्या एका लोककथेवरून रचलेलं गाणं १९४३ मध्ये कॅपिटल कंपनीसाठी मुद्रित झालं आणि चाललं. १९४८ पासून व्हायोलिनांच्या ताफ्यासह गायलेली संथ प्रेमगीतं एकामागून एक पहिल्या क्रमांकावर जाऊ लागली. कोल हळूहळू पियानोच्या बाकावरून उठला आणि मायक्रोफोनपुढे उभा राहिला. १९५६ मध्ये हॉलिवूडमध्ये कॅपिटलची गोल इमारत उभी राहिली, तिला लोक ‘नॅटने बांधलेलं घर’ म्हणत. त्या गाण्यांना मी कमी लेखणार नाही. प्रत्येक अक्षर स्वच्छ, प्रत्येक ओळ कानाशी येऊन सांगितल्यासारखी. पण कोलची ओळख तिथून करून घेऊ नये, कारण तिथे अर्धाच कोल आहे.

१९५६

कोलचं हे एक वर्ष नीट पाहिलं तर त्याचा सगळा पेच त्यात सापडतो. १० एप्रिलला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये, फक्त गोऱ्या प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात तो गात असताना वंशद्वेष्ट्यांची टोळी मंचावर चढली आणि त्याला खाली पाडलं. पाठीला मार बसला. त्यानंतर टीका झाली ती त्याच्यावरही, आणि तीही स्वतःच्या लोकांकडून: वेगळं बसवलेल्या प्रेक्षकांपुढे गातोसच का? हा सवाल रास्त होता. कोलने पुढे एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचं आजीव सदस्यत्व घेतलं, पण मंचावरून घोषणा देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्या वस्तीत त्याने घर घेतलं, तेव्हा ‘नको असलेली माणसं’ इथे येऊ नयेत असं शेजाऱ्यांनी बजावलं. मलाही ती नको आहेत, कुणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन, असं उत्तर त्याने दिलं. घर त्याने सोडलं नाही.

१९५६ च्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पुन्हा पियानोवर बसला आणि ‘आफ्टर मिडनाइट’ ही तबकडी मुद्रित केली. ट्रम्पेटवर हॅरी एडिसन, व्हायोलिनवर स्टफ स्मिथ, सॅक्सोफोनवर विली स्मिथ, ट्रॉम्बोनवर ह्वान तिझॉल असे पाहुणे आळीपाळीने येतात. कोल प्रत्येकाला वाट करून देतो आणि मध्येच स्वतः दोन-चार आवर्तनं अशी वाजवून जातो की मूळचा पियानोवाला अजून शाबूत आहे याची खात्री पटते. स्टफ स्मिथचं खरखरीत, खोडकर व्हायोलिन आणि कोलचा मऊ आवाज यांची जुगलबंदी तर चुकवूच नये.

नोव्हेंबरमध्ये एनबीसी या वाहिनीवर त्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. एला फिट्झजेरल्डपासून हॅरी बेलाफोंटेपर्यंत पाहुणे आले, पण देशभरासाठी एकही प्रायोजक मिळाला नाही. डिसेंबर १९५७ मध्ये कोलने तो थांबवला. जाहिरातवाल्यांच्या मॅडिसन ॲव्हेन्यूला अंधाराची भीती वाटते, हे त्याचं वाक्य तेव्हाचंच. फेब्रुवारी १९६५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा तो फक्त ४५ वर्षांचा होता.

बाख सोडून न दिलेली नीना

युनिस कॅथलीन वेमन, जन्म १९३३, गाव नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायन. आई मेथडिस्ट धर्मोपदेशिका. तिसऱ्या वर्षी पोर पियानोवर बसली. गावातल्या मुरिएल मॅझानोविच या शिक्षिकेने तिला जर्मन संगीतकार बाख दिला, आणि गावाने तिच्या शिक्षणासाठी पैसे उभे केले. बाराव्या वर्षीच्या तिच्या जाहीर कार्यक्रमात आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवून मागे बसवलं गेलं. त्यांना पुढे आणल्याशिवाय मी वाजवणार नाही, असं ती म्हणाली. पुढची सगळी नीना या प्रसंगात आहे.

तिला जॅझ नको होता, मैफलीची शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत काही काळ शिकून तिने १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत परीक्षा दिली. प्रवेश मिळाला नाही. रंगामुळेच नाकारलं, असं ती शेवटपर्यंत मानत होती. पोटासाठी १९५४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागली, तर मालक म्हणाला, गायचंही असेल तरच नोकरी. मुलगी बारमध्ये वाजवते हे आईला कळू नये म्हणून नाव बदललं, आणि नीना सिमोन तिथे जन्मली.

तिचं पहिलं मुद्रण १९५७ चं, बाजारात आलेलं १९५९ मध्ये. त्यातलं ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ लावा आणि गाण्याच्या मध्यावर काय होतं ते ऐका. बास आणि ड्रम साध्या डुलत्या ठेक्यावर चालले आहेत. नीनाचा उजवा हात एक बारीक, अखंड धावती ओळ सुरू करतो. थोड्याच वेळात डावा हात स्वतःची वेगळी ओळ घेऊन खालून शिरतो. आता दोन्ही हात दोन स्वतंत्र माणसांसारखे बोलतात, एक थांबला की दुसरा धरतो, आणि हे सगळं तद्दन बाखच्या शिस्तीत. ओळी दाटत जातात, भरगच्च सूरगुच्छ होतात, आणि ती शांतपणे गाण्याच्या शब्दांवर परत येते. ठेका जॅझचा, बांधणी बाखची, कुठेही सांधा दिसत नाही. हे वाजवताना ती चोवीस वर्षांची होती. कोल शब्दासाठी पियानोला मागे सारतो. नीनाचा पियानो मात्र शब्दाला शब्दाने उत्तर देतो, कधी अडवतो, कधी एकटाच पुढे निघून जातो.

त्या पहिल्या मुद्रणाचे हक्क तिने ३,००० डॉलरला देऊन टाकले. त्यातलंच एक गाणं १९८७ मध्ये शनेलच्या अत्तराच्या जाहिरातीत वापरलं गेलं आणि ब्रिटनमध्ये तडाखेबंद चाललं. तिच्या बाबतीत हा अन्याय वरचेवर होत आला.

पुन्हा बर्मिंगहॅम

ज्या शहरात कोलवर हल्ला झाला, त्याच शहरात १५ सप्टेंबर १९६३ ला एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. त्याआधी जूनमध्ये मिसिसिपीत नागरी हक्क कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली होती. चर्चमधल्या स्फोटाची बातमी ऐकून नीना हाताला लागेल त्या वस्तूंतून बंदूक जुळवायला बसली. आत्मचरित्रात ती हे सांगते. नवऱ्याने समजावलं की तुला मारण्यातलं काही कळत नाही, तुझ्याजवळ संगीत आहे. तासाभरात ‘मिसिसिपी गॉडॅम’ तयार झालं. १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये मुद्रित झालेलं ते गाणं ऐकताना पियानोकडे लक्ष द्या. साथ अगदी रंगमंचीय संगीतिकेसारखी उड्या मारत चाललेली असते. सुरुवातीला श्रोते हसतातही. मग शब्द कळू लागतात आणि हसू विरत जातं.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरीत तिने त्यांच्यावरचं नवं गाणं गायलं. १९७० नंतर ती अमेरिकेबाहेर पडली: बार्बाडोस, लायबेरिया, स्वित्झर्लंड, अखेर फ्रान्स. पैशांच्या अडचणी होत्या, मनाचा आजारही होता. त्याचं निदान बऱ्याच उशिरा झालं. तिच्या नंतरच्या मैफलींचा भरवसा नसे. बडबडणाऱ्या श्रोत्यांना ती चारचौघांत झापायची. तिला लहरी म्हणून मोडीत काढणाऱ्यांचा मला राग येतो. शास्त्रीय मैफलीत जी शांतता तिला मिळायची होती, तीच ती बारमध्येही मागत होती. २१ एप्रिल २००३ ला ती गेली. कर्टिस संस्थेने तिला मानद पदवी दिली, ती त्याच्या अवघी दोन दिवस आधी.

तर कुठून सुरुवात?

जॅझ अजिबात ऐकलेला नसेल तर आधी कोल, आणि तोही त्रिकुटाचा. १९४० च्या दशकातली त्रिकुटाची गाणी बहुतेक तीन मिनिटांत संपतात आणि कानाला तीनच वाद्यांचा माग ठेवायचा असतो, त्यामुळे कोण कुणाला जागा देतंय हे चटकन कळतं. लगेच पुढे ‘आफ्टर मिडनाइट’. व्हायोलिनांच्या ताफ्यातली गाजलेली गाणी त्यानंतर. मुलगी नताली कोलने १९९१ मध्ये वडिलांच्या जुन्या मुद्रणासोबत गायलेलं युगुलगीत खूप गाजलं, पण तेही सर्वांत शेवटी.

ख्यालाचा कान असेल, एका चीजेला दहा-पंधरा मिनिटं द्यायची सवय असेल, तर मी सरळ नीनाच सुचवेन. १९६५ च्या ‘पेस्टल ब्लूज’मधलं ‘सिनरमन’ दहा मिनिटांचं आहे. मूळ धाटणी चर्चमधल्या गाण्याची. मध्यावर वाद्यं गळतात, टाळ्यांचा ठेका उरतो, आणि तिथून पियानो पुन्हा सगळं उभं करत नेतो. शब्दांच्या ओढीने आलेल्यांनी कार्नेगी हॉलचं मुद्रण घ्यावं. तिची उतारवयातली मुद्रणं मात्र पहिल्या भेटीत नकोत. आवाज थकलेला आहे, आणि त्याआधीची नीना ठाऊक असल्याशिवाय त्या थकव्याचं मोल कळत नाही.

घरात कुणी कीबोर्ड शिकत असेल आणि गातही असेल, तर निवड आणखी सोपी आहे. पाश्चात्त्य पद्धतीने, नोटेशन वाचून शिकणाऱ्याला नीना द्यावी. बाखचा सराव असा कुठवर नेता येतो, हे तिला ऐकून उमगतं. कानाने शिकणाऱ्याला कोल द्यावा आणि फक्त त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष द्यायला सांगावं. गाताना कमी वाजवणं फार अवघड असतं. बहुतेक जण दोन्ही हातांनी गाण्याला दाबून टाकतात. कोलचं एकच गाणं घ्यावं, तो कुठे वाजवत नाही त्या जागा बोटाने टेबलावर ठोकून दाखवायला सांगाव्यात, आणि मग तेच गाणं त्या जागा रिकाम्या ठेवून म्हणायला लावावं.